गाजरगवत आणि कोंकणची वेस

क्वारंटीन हा शब्द आमच्या लोकांस नवा नाहीं, आणि प्रियही नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली, १८९७ च्या फेब्रुवारींत सांथरोगांचा कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या आधारें ज्या झडत्या व तपासण्या सुरू झाल्या त्यांची कडू आठवण महाराष्ट्राच्या इतिहासांत कायमची नोंदली गेली आहे. दुसरी आठवण तर सिंधुदुर्गांतील घराघरांत अजून ताजी आहे. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत गणपतीसाठीं गांवीं येणाऱ्या चाकरमान्यांस दहा दिवसांचें विलगीकरण सांगण्यांत आलें, आणि ज्या घराकडे बारा महिने डोळे लावून बसावें त्याच घराच्या पडवींत परक्यासारखें बसण्याची पाळी मुलांमाणसांवर आली. अशा अनुभवानंतर कोणी उठून "कोंकणाच्या वेशीवर आणखी एक क्वारंटीन हवें" असें म्हणूं लागला, तर लोक त्याच्याकडे रोषानें पाहतील हें आम्ही जाणून आहों. तरीही आज आम्ही तेंच म्हणणार आहों. मात्र हें क्वारंटीन माणसांचें नव्हे; एका तणाचें आहे.

हें तण म्हणजे गाजरगवत. त्याच्या पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून लोकांनीं त्याला काँग्रेसगवत असेंही नांव ठेविलें. कोठें त्यास चटकचांदणी म्हणतात. शास्त्रज्ञांच्या परिभाषेंत तें पार्थेनियम. त्याचें माहेर अमेरिका खंडांत, मेक्सिकोच्या आखाताभोवतीं. पान गाजराच्या पानासारखें, खोड ताठ, आणि वाढ इतकी झपाट्याची कीं पेरणीनंतर शेतकऱ्यानें चार दिवस पाठ फिरविली तर परत येऊन त्यानें स्वतःचें शेत ओळखावयाचें नाहीं. एका चांगल्या वाढलेल्या झाडास दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बिया धरतात. बी बारीक, हलकें; गाडीच्या चाकास चिकटलेल्या चिखलांतून, चाऱ्याच्या पेंढीतून, शेणखताच्या ढिगांतून तें सुखानें प्रवास करितें, आणि जमिनींत गाडलें गेलें तर कित्येक वर्षें जिवंत राहून योग्य पावसाची वाट पाहतें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते. परागानें शिंका व दमा उद्भवतो. पुण्याच्या त्वचारोगवैद्यांनीं १९७० नंतरच्या दशकांतच ह्या विकाराकडे लक्ष वेधलें होतें. गुरें तें सहसा खात नाहींत. चाऱ्याच्या टंचाईंत खाल्लेंच तर दुधास कडवट चव येते. आणि जेथें तें ठाण मांडतें तेथें गुरांच्या उपयोगाचें गवत हळूहळू नाहींसें होतें.

हें संकट आमच्या देशांत कोणत्या दारानें आलें? लोकांत सर्वतोमुखीं असलेली कथा अशी कीं, अमेरिकेच्या पी. एल. ४८० ह्या योजनेखालीं आलेल्या गव्हाबरोबर तें आलें. कथा ऐकण्यास सोपी आहे. पण तारखा तिला साथ देत नाहींत. गाजरगवत पुण्याच्या उकिरड्यांवर दिसल्याची नोंद १९५५ सालची, आणि त्या योजनेचा भारताशीं करार झाला १९५६ च्या ऑगस्टांत. त्यापूर्वी १९५१ सालीं मात्र दुष्काळाच्या दिवसांत अमेरिकेनें सुमारें वीस लाख टन धान्यासाठीं भारतास कर्ज दिलें होतें. बी त्या धान्याबरोबर आलें असेल, किंवा आणखी एखाद्या मालाबरोबर आलें असेल. खरी लाजेची गोष्ट ही कीं, आज आपणांस छातीठोकपणें कांहींच सांगतां येत नाहीं. कारण त्या वेळीं दारांत बसून कोणी वही लिहीतच नव्हतें. चोर घरांत शिरला हें एक दुःख, आणि तो कोणत्या वाटेनें शिरला हेंही ठाऊक नसावें हें दुसरें.

पुढची हकीकत देशावरच्या प्रत्येक शेतकऱ्यास पाठ आहे. पुण्याच्या उकिरड्यावरचें तें रोप रेल्वेच्या रुळांकडेनें, कालव्यांच्या भरावांवरून, मालमोटारींच्या चाकांवरून देशभर पसरलें. आज भारतांत सुमारें साडेतीन कोटी हेक्टर भूमीवर त्याचा वावर आहे, असा जाणत्यांचा अंदाज सांगितला जातो. शेजारच्या कर्नाटकानें १९७५ सालीं आपल्या शेतकी कायद्याखालीं त्यास उपद्रवी तण म्हणून जाहीर केलें आणि जमीन ज्याची त्यानें तें उपटावें, असा दंडक घातला. हेतु उत्तम होता. परंतु तण हटलें नाहीं. कां हटलें नाहीं, हें समजून घेतल्याशिवाय आपण नव्या नियमांची मागणी करणें व्यर्थ आहे. पहिलें कारण हें कीं, कायदा रोग सर्वत्र पसरल्यावर आला; बैल गेल्यावर झोपा करण्यांतला हा प्रकार. दुसरें हें कीं, खाजगी जमिनीवर बोट ठेवतांना रस्त्याच्या कडा, सरकारी पडीक, रेल्वेचीं आवारें आणि शहरांतील मोकळे भूखंड ह्यांचा मालक कोण, तें कोणीच विचारलें नाहीं. ज्यानें शेत स्वच्छ ठेविलें त्याच्या बांधाला लागून सरकारी रस्ता, आणि त्या रस्त्यावरून दरसाल नवें बी. तिसरें कारण सर्वांत मोठें: उपटण्याचा दंडक झाला, पण बी जेथून जेथें जातें त्या वाटेवर पहारा बसला नाहीं. गळक्या भांड्यांत पाणी भरण्याचा हा उद्योग होता.

आतां कोंकणाकडे वळूं. सह्याद्रीच्या पलीकडे जें तण माजलें आहे तें सिंधुदुर्गांत अद्याप तितकें माजलेलें नाहीं. ह्याचें पुण्य आमच्या दक्षतेकडे नसून आमच्या मातीकडे व पावसाकडे आहे. देशावरची काळी जमीन गाजरगवतास मानवते. येथील तांबडी, आम्लधर्मी, जांभ्याची जमीन आणि आषाढ-श्रावणांतील मुसळधार त्यास तशी मानवत नाहीं. परंतु "मानवत नाहीं" म्हणजे "येतच नाहीं" असें नव्हे. हमरस्त्याच्या कडेला, बाजारपेठेच्या मागच्या पडीक जागेंत, नव्यानें भराव घातलेल्या जमिनीवर त्याचीं पांढरीं टिंबें ज्यांना पाहावयाचीं आहेत त्यांस दिसतात. जेथें जेथें मूळची माती बदलते, बाहेरची माती-खडी पडते, खत पडतें, तेथें तेथें त्याला पाय ठेवण्यापुरती जागा आपणच करून देतों. निसर्गानें आपणांस कांहीं वर्षांची मुदत दिली आहे, कायमची माफी दिलेली नाहीं. आणि मुदत कशी वापरावी हा शहाणपणाचा प्रश्न आहे.

मुदत वाया घालविल्यास काय होतें हें पाहण्यास दूर जावयास नको. रानमोडी पाहावी. हीही अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकांत शोभेचें झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या बाजूस आली, आणि पुढें पश्चिम किनाऱ्यावर तिनें असा विस्तार केला कीं आज कुडाळ-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर करवंदाची जाळी कोठें संपते आणि रानमोडी कोठें सुरू होते, तें नव्या पिढीस सांगतां येणार नाहीं. केरळांत हिला कम्युनिस्ट पच्चा म्हणतात. म्हणजे एका परदेशी तणास एका पक्षाचें नांव आणि दुसऱ्यास दुसऱ्याचें. तणाला पक्ष नसतो. जो पक्ष कर्तव्यांत ढिला पडतो त्याच्या राज्यांत तें वाढतें, एवढेंच. रानमोडी पौषांत फुलते, माघ-फाल्गुनांत वाळते, आणि नेमक्या काजूच्या हंगामांत वाळल्या काडीचा ढीग बागेच्या कुशींत उभा करिते. मग एखाद्या विडीची ठिणगी पुरते. ज्या बागाईतदाराची दहा वर्षांची कलमें एका दुपारीं करपलीं त्यास तण हा शब्द केवळ शेतकी खात्याच्या पत्रकांतला वाटत नाहीं. रानमोडीचें बी कापसासारखें वाऱ्यावर उडतें. तिला वेशीवर अडविण्याची वेळ केव्हांच टळली, आतां तिच्याशीं घरांत राहूनच झुंजावें लागेल. गाजरगवताची वेळ अद्याप पुरती टळलेली नाहीं. दोघांतील हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण आमच्या मागणीचा सगळा पाया त्यावर आहे.

मग कायदा काय म्हणतो? लोकांची समजूत अशी कीं, अशा कामासाठीं नवा कायदा हवा आणि तो दिल्लीहून यावयास पन्नास वर्षें लागतील. वस्तुस्थिति अशी नाहीं. १९१४ सालीं नाशकारक किडी व उपद्रव ह्यांविषयींचा कायदा झाला. त्यानें परदेशांतून येणारा वनस्पतिजन्य माल अडविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास दिला, आणि १९३८ च्या दुरुस्तीनें एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत होणारी वाहतूक नियंत्रित करण्याचाही दिला. त्या अधिकाराचा उपयोग झालेला आहे. बटाट्याचा चामखीळ रोग, केळीचा पर्णगुच्छ, सफरचंदावरील किडी, कॉफीच्या बोंडांतील भुंगेरा अशांसाठीं अंतर्गत निर्बंध घातले गेले. परंतु त्या मालिकेंत तणाचें नांव शोधूं गेल्यास सापडत नाहीं. कीड दिसली कीं सरकार जागें होतें. तण मात्र गवतासारखें दिसतें, म्हणून त्यास कोणी शत्रु मानीत नाहीं.

परदेशी तणांच्या बाबतींत २००३ सालच्या वनस्पति-क्वारंटीन आदेशानें एक पाऊल पुढें पडलें. ज्या तणांचें बी आयात मालांत असतां कामा नये अशांची यादीच त्यास जोडली आहे. पण यादी असून काय होतें, तें २००६ सालीं दिसलें. गव्हाचा सांठा कमी पडला, लाखो टन गहूं बाहेरून मागवावा लागला, आणि माल लवकर यावा म्हणून तणांच्या बियांविषयींच्या अटी सैल करण्यांत आल्या. त्या गव्हांत परकी तणांचें बी सांपडलें, आणि मग तें कोठें कोठें उगवतें आहे हें शोधण्यासाठीं संशोधकांस देशभर हिंडावें लागलें. भुकेच्या वेळीं अन्न आणावें ह्याविषयीं दुमत नाहीं. पण बंदरांतच तो गहूं चाळून घेतला असता तर पुढची पायपीट वांचली असती. पुढें २०१३ सालीं कृषि-जैवसुरक्षेचें विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें. त्यांत ह्या सर्व कामासाठीं एक स्वतंत्र अधिकारी मंडळ नेमण्याची योजना होती. लोकसभा विसर्जित होतांच २०१४ सालीं तें विधेयकही व्यपगत झालें.

राज्यघटनेंतील वांटणीही वाचकांनीं नीट पाहावी. राज्या-राज्यांमधील क्वारंटीन हा विषय केंद्राच्या सूचींत आहे. पिकांस उपद्रव देणाऱ्या गोष्टी एका राज्यांतून दुसऱ्यांत पसरूं नयेत ह्याविषयींचा प्रतिबंध समवर्ती सूचींत आहे. आणि शेतीचें कीडरोगांपासून संरक्षण हें राज्याच्या सूचींत आहे. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, बांद्याच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या मालास अडवावयाचें तर दिल्लीची संमति हवी. परंतु आंबोली, फोंडा, करूळ आणि भुईबावडा ह्या घाटांनीं जो माल उतरतो तो बहुतेक आमच्याच राज्याच्या देशावरील जिल्ह्यांतून येतो. तेथें दिल्लीचा प्रश्नच नाहीं. मुंबई इलाख्यानें १९४७ सालींच शेतकी कीड-रोगांसाठीं कायदा केला होता. त्याच धर्तीवर राज्य सरकारास आपल्या हद्दींत एखादा प्रदेश संरक्षित म्हणून जाहीर करितां येण्यासारखा आहे. म्हणून "केंद्राकडे पाठविलें आहे, उत्तराची वाट पाहत आहों" हें उत्तर आम्हांस ह्या बाबतींत ऐकावयाचें नाहीं.

अशा नियमांनीं कोठें यश आलें आहे काय, असा रोकडा प्रश्न व्यापारी वाचक विचारतील, आणि तो योग्यच आहे. दोन उदाहरणें पुरेत. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत हेंच गाजरगवत आमच्या येथल्याप्रमाणेंच १९५५ सालीं आढळलें. १९६० च्या सुमारास टेक्ससहून आलेल्या कुरणाच्या बियाण्यांतून तें आणखी एके ठिकाणीं शिरलें आणि लक्षावधि एकर चराऊ रान त्यानें व्यापलें. त्याला लागून असलेल्या न्यू साउथ वेल्स प्रांतानें मात्र वेशीवर पाय रोंविला. क्वीन्सलंडांतून येणारीं पीक कापण्याचीं यंत्रें धुऊन-झाडून, तपासून मगच आंत घ्यावयाचीं, असा त्यांचा नियम आहे. बी तरीही अधूनमधून शिरतें. पण दिसतांच वर्दी दिली जाते, रोप नष्ट केलें जातें, आणि तण तेथें घर करूं शकलेलें नाहीं. एकच देश, एकच तण, दोन प्रांत. फरक पडला तो पहाऱ्याचा.

दुसरें उदाहरण आमच्या अभिमानास जरा टोंचणारें आहे. ज्वारींत माजणारा टारफुला आमच्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या परिचित. ज्वारीच्या मुळांस चिकटून तिचें रक्त शोषणारें हें तण १९५६ सालीं अमेरिकेच्या दोन्ही कॅरोलिना प्रांतांत मक्याच्या शेतीवर आढळलें. तेथील सरकारनें दुसऱ्याच वर्षीं त्या भागास क्वारंटीन लावलें. माती, रोपें, यंत्रें, पीक, सर्वांची ने-आण दाखल्याशिवाय बंद झाली. परंतु त्यांनीं केवळ बंदी केली नाहीं. शेतकऱ्याचा खर्च सरकारनें उचलला, औषध दिलें, आणि जमिनींत इथिलीन वायु सोडून बी अवेळीं उगवावयास लावून मारण्याची युक्तिही काढली. एकूण मिळून सुमारें चार लाख बत्तीस हजार एकर भूमि बाधित झाली होती. कांहीं दशकांच्या चिकाटीनंतर तिच्यापैकीं शेंकडा नव्याण्णवांहून अधिक मोकळी झाली. ज्या टारफुल्यास आपण दैव म्हणून स्वीकारलें त्यास त्यांनीं उपद्रव म्हणून हुसकून लाविलें. दैव आणि उपद्रव ह्यांतला फरक पुष्कळदां माणसाच्या निश्चयांत असतो.

आणि क्वारंटीनची किंमत काय असते, हें देवगड-वेंगुर्ल्याच्या आंबा व्यापाऱ्यांस आम्ही काय शिकवावें? अमेरिकेनें आमच्या आंब्यास अनेक वर्षें दार बंद ठेविलें होतें. २००७ सालीं किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून मगच तो तेथें पोहोंचला. जपाननें १९८६ पासून वीस वर्षें आमचा आंबा घेतला नाहीं. २०१४ च्या मे महिन्यांत, ऐन हंगामांत, युरोपानें हापूसवर बंदी घातली; कारण आदल्या वर्षीं भारतांतून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या होत्या. आमच्याकडून तपासणीची व्यवस्था सुधारली, तेव्हां २०१५ च्या आरंभीं ती बंदी उठली. त्या वेळीं आमच्या व्यापाऱ्यांनीं त्या देशांस दूषण दिलें. आणि दर कोसळल्याचा सोस ज्यानें सोसला त्यानें तसें बोलणें स्वाभाविक होतें. परंतु शांतपणें विचार केल्यास त्यांनीं काय केलें? आपल्या बागाईतदाराच्या बागेंत परकी माशी येऊं नये म्हणून त्यांनीं आपली वेस राखली. आमच्या फळांना परक्यांच्या वेशीवर तपासून घ्यावें लागतें, मग आमच्या वेशीवर येणारें खत, चारा, माती आणि यंत्र बिनतपासणीचें कां जावें? दुसऱ्याच्या दारीं नियम पाळावयाचे आणि स्वतःच्या दारास कडीही लावावयाची नाहीं, हा औदार्याचा प्रकार नव्हे, आळसाचा आहे.

आतां आक्षेपांकडे येऊं. पहिला आक्षेप असा कीं, नाका आला म्हणजे चिरीमिरी आली. साहेबाचा हात ओला केल्यावर गाजरगवतही गुलाबाचें रोप म्हणून पास होईल, आणि प्रामाणिक गाडीवाला मात्र घाटांत रात्रभर खोळंबेल. हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो करणाऱ्यांस आम्ही देशहिताचे शत्रु मानीत नाहीं. प्लेगच्या क्वारंटीननें लोकांचा विश्वास गमावला तो उद्देशामुळें नव्हे, रीतीमुळें. म्हणूनच आम्ही असें म्हणतों कीं, तपासणी घाटाच्या पायथ्याशीं नव्हे, माल जेथून निघतो तेथें व्हावी. कोंबडखताचा किंवा शेणखताचा व्यापारी, चाऱ्याचा अडत्या, रोपवाटिकेचा मालक ह्यांनीं आपला ढीग तणमुक्त आहे असा वर्षाचा दाखला कृषि खात्याकडून घ्यावा, आणि नाक्यावर फक्त तो दाखला पाहावा. दाखला असेल तर गाडी थांबूं नये; नसेल तर माल परत जावा. तपासणी फी किती, वेळ किती, तक्रार कोणाकडे, ह्याचा फलक मराठींत, मोठ्या अक्षरांत लावावा. ज्या नियमांत अधिकाऱ्याच्या मर्जीस वाव कमी, त्यांत लांचेसही वाव कमी.

दुसरा आक्षेप असा कीं, बी वाऱ्यानें, पाण्यानें, पांखरांनीं येतें. त्यास दाखला कोण विचारणार? ह्यास उत्तर वर दिलेंच आहे. रानमोडीचें बी वाऱ्यावर फार दूर जातें; गाजरगवताचें बी मुख्यतः माणसाच्या मालावर व गाडीवर लांबचा प्रवास करितें. सह्याद्रीची भिंत ओलांडून त्याला आणणारा वारा नव्हे, मालमोटार आहे. आणि जेथें चोर माणसाच्या खांद्यावर बसून येतो तेथें पहारा निष्फळ नसतो.

तिसरा आक्षेप असा कीं, मेक्सिकोहून १९८३ सालीं आणलेला भुंगेरा हें तण खातो, मग नियमांची यातायात कशास? भुंगेरा खरोखरच उपकारक आहे. १९८४ पासून तो बंगळूरच्या बाजूस सोडण्यांत आला आणि पावसाळ्यांत तो पानांचा फडशा पाडतो. मध्यंतरीं तो सूर्यफुलावर दिसल्यानें शंका निघाल्या व चौकशीही झाली. परंतु कोरड्या महिन्यांत तो मातींत दडून बसतो, आणि तण मात्र पाणी मिळेल तेथें बाराही महिने उगवतें. भुंगेरा हा शिपाई आहे. त्याला किल्ल्याची भिंत समजूं नये. उदाहरण घ्यावयाचें तर फड्या निवडुंगाचें घ्या: १९२६ च्या सुमारास सिंहलद्वीपांतून आणलेल्या एका किड्यानें दक्षिणेकडील निवडुंगाचीं रानें साफ केलीं. तेथें किडा पुरला, कारण निवडुंग नवें बी घेऊन रोज गाडीनें येत नव्हता.

आमची मागणी म्हणून मर्यादित आणि स्पष्ट आहे. एक, सिंधुदुर्ग जिल्हा गाजरगवतापुरता संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर व्हावा, आणि यादी लांबलचक न करितां दोन-चार तणांपुरतीच असावी. ज्या यादींत पन्नास नांवें असतात ती कोणी वाचीत नाहीं. दोन, नियम सर्व मालास नकोत. खत, चारा, माती-खडी, रोपें आणि शेतीचीं व रस्त्याचीं यंत्रें, ह्या पांच वाटांवर पहारा पुरे. किराणा, कापड, औषधें ह्यांच्या गाड्यांस हातही लावूं नये. तीन, घाटाखालीं भातकापणीचीं व खोदाईचीं यंत्रें धुण्यासाठीं पाण्याची जागा करावी. आणि तिचा पहिला उपयोग सरकारी रस्त्यांच्या ठेकेदारांवर सक्तीचा असावा. चार, श्रावण-भाद्रपदांत, तण फुलण्यापूर्वी, गांवनिहाय पाहणी व्हावी आणि कोणत्या गांवीं किती ठिकाणीं रोपें सापडलीं, किती उपटलीं, तें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलें जावें. पांच, जोंवर रस्त्याच्या कडा, रेल्वेचीं आवारें आणि सरकारी पडीक स्वच्छ झाल्याचा अहवाल प्रसिद्ध होत नाहीं, तोंवर अल्पभूधारकावर दंडाचा एक रुपयाही बसूं नये. कर्नाटकाच्या १९७५ सालच्या अनुभवाचा धडा हाच आहे.

बांद्याच्या वेशीसाठीं महाराष्ट्रानें गोव्याशीं बोलणीं करावीं. गोव्याच्या काजूच्या बागाही डोंगरउतारावरच आहेत आणि त्यांसही हेंच भय आहे. दोन्ही राज्यांनीं मिळून केंद्राकडे मागणी केल्यास १९१४ च्या कायद्याखालीं एका तणासाठीं पहिला अंतर्गत निर्बंध निघूं शकेल, आणि कोंकण हें त्याचें जन्मस्थान होईल. ह्याहून अधिक अभिमानास्पद असें काय आहे?

पण सरकारकडे एक बोट दाखवितांना तीन बोटें आपल्याकडे वळतात. कोंकणांत तणास सर्वांत सुरक्षित आश्रय कोठें मिळतो? सातबाऱ्यावर पंचवीस वारस, त्यांपैकीं वीस मुंबईस, तिघांचा पत्ता नाहीं आणि दोघांचें एकमेकांशीं बोलणें नाहीं, अशा सामायिक जमिनींत. तेथें नांगर जात नाहीं, कोयता जात नाहीं. फक्त बी जातें. गणपतीस आलेल्या चाकरमान्यानें आरतीनंतर एक सकाळ आपल्या पडीक तुकड्यावर काढली, आणि भाऊबंदांनीं हिश्शाचा वाद राहूं देऊन तण काढण्यापुरतें तरी एकमत केलें, तर कोणत्याही नाक्याहून ती मोठी सेवा होईल. योगायोग असा कीं, जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेच्या पुढाकारानें दरसाल १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवत-निर्मूलनासाठीं पाळला जातो. म्हणजे गणपतीच्या आगेमागेच. हें काम हातमोजे घालून, फुलें येण्यापूर्वी, मुळासकट उपटून करावें. फुलावर आलेलें झाड उपटून रस्त्यावर टाकणें म्हणजे शत्रूस गाडीभाडें देण्यासारखें आहे.

व्यापाऱ्यांस आमची शेवटची विनंती. नियम म्हटला कीं प्रथम तुमच्या कपाळास आंठी पडते, कारण त्याचा पहिला भार तुमच्यावर येतो. परंतु तुमचा व्यापार कशावर उभा आहे? देवगडचा आंबा, वेंगुर्ल्याचा काजू, मालवणची कोकम-आगळ, ह्यांच्या मागें उतारावरची जी एक तांबडी माती आहे तिच्यावर. ती माती विकत आणतां येत नाहीं, आणि बिघडली तर परतही करितां येत नाहीं. खत उतरवून घेतांना दाखला मागणारा एक दुकानदार हा दहा नाक्यांएवढा आहे. सरकारनें वेस बांधावी, ही मागणी आम्ही करीतच राहूं. पण वेशीच्या आंतला प्रत्येक दुकानदार आणि प्रत्येक बागाईतदार स्वतः वेसकर झाला, तरच ती वेस टिकेल. गाजरगवत उद्यां येणार नाहीं. तें आजच्याच एखाद्या गाडीबरोबर घाट उतरत असेल. ती गाडी कोणाच्या अंगणांत रिकामी होणार, एवढाच प्रश्न आहे.